लाखभर किलोमीटरला इंजिन संपत नाही

‘एक लाख किलोमीटर झाले की इंजिन संपलं समजा. दुरुस्तीवर पैसे घालू नका, जाड ऑइल टाकून दिवस काढा आणि गाडी विकून मोकळे व्हा. पंधरा वर्षांनी सरकार ती भंगारात घालायला लावणारच आहे.’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय.

लाखाचा आकडा आला कुठून? जुन्या कित्येक गाड्यांचा मीटर पाच आकडीच असायचा, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. कदाचित तिथूनच आला असेल. अमेरिकेतले शिक्षक आयर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ची व्होल्व्हो २०१३ पर्यंत ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर चालवली. तो अपवाद, मान्य. पण द्रुतगती मार्गावरचे लाख किलोमीटर आणि पुण्यातल्या कात्रज-स्वारगेटच्या गर्दीतले लाख किलोमीटर सारखे नसतात. सिग्नलला तासन्‌तास चालू राहिलेलं इंजिन मीटरवर दिसत नाही. रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी नीट तापतच नाही. ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

तरीही लाखाच्या आसपास इंजिनं बसतात, हे खरं आहे. बऱ्याच गाड्यांत टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वाल्व यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) बदलायची वेळ साधारण तेव्हाच येते. तो रबरी असतो, त्यामुळे गाडी उभी राहिली तरी जुना होतोच. तो तुटला की अनेक इंजिनांत पिस्टन वाल्ववर आदळतो, आणि खापर फुटतं किलोमीटरवर. बेल्टऐवजी चेन असेल तर ही चिंता नाही, पण ऑइल बदलायचा आळस केला की चेनही सैल पडते. दुसरं कारण कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं की आत गंज आणि क्षार साचतात, इंजिन तापतं, हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं, त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारं सील) जातं. काटा लाल रेषेवर गेला असतानाही ‘घर आलंच’ म्हणत दामटणारे तर विचारूच नका.

जाड ऑइलने आजार झाकला जातो, एवढंच. थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय. तो फक्त सकाळी स्टार्ट करताना येत असेल तर संशय वाल्व सीलवर, म्हणजे वाल्वजवळ ऑइल अडवणाऱ्या रबरी सीलवर. चढावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर. आधी मेस्त्रीला कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला सांगा.

पंधरा वर्षांचं म्हणणं महाराष्ट्रातल्या खासगी गाडीपुरतं चूकच आहे. फिटनेस तपासणी पार केली, पर्यावरण कर आणि शुल्क भरलं की नोंदणी पुढची पाच वर्षं चालते. दिल्ली परिसराचे नियम वेगळे आहेत. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या त्या टॅक्सींसाठीच्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे.

विकायला खरी कारणं आहेत, पण ती त्या मजकुरात नाहीत. कोकण किनाऱ्यावरच्या गाडीच्या तळाला गंज लागून जॅक लावायची जागाच दबत असेल, तर इंजिन कितीही गोड वाजो, ती विकावी. आणि जुलै २०१९ पूर्वीच्या कित्येक स्वस्त गाड्यांत चालकासाठीही एअरबॅग नाही. ती गॅरेजमध्ये जाऊन बसवून मिळत नाही.