‘किंग’ म्हणजे कर्तबगार नव्हे, कुळातला

‘किंग’ या शब्दाच्या उगमावरचा लेख आवडला, पण हा शब्द इंग्रजी ‘कॅन’वरून (जमणे) आला, म्हणजे ज्याला जमतं तो राजा, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. ही जुनी समजूत आहे. ऐकायला छान, पण चुकीची.

आद्य जर्मानिकमध्ये, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच वगैरेंच्या तर्काने मांडलेल्या पूर्वज भाषेत, हा शब्द ‘कुनिंगाझ’ असा मांडतात. ‘कुन्या’ म्हणजे कूळ (इंग्रजी ‘किन’ त्यातलाच) आणि ‘इंग’ हा ‘अमक्याचा, अमक्याच्या वंशातला’ सांगणारा प्रत्यय. कॅरोलिंगियन, मेरोविंगियन या युरोपातल्या जुन्या राजघराण्यांच्या नावांत तोच दिसतो. म्हणजे कर्तबगारीपेक्षा घराणं महत्त्वाचं! आणि हे ‘कुन्या’ आपल्या ‘जन’, ‘जन्म’चं नातेवाईक. संस्कृत ज, लॅटिन ग, जर्मानिक क अशी जोडी नेमाने लागते: जानु, गेनू आणि जर्मन क्नी (गुडघा) पाहा.

खरी गंमत फिनिशमध्ये आहे, तिचा उल्लेख लेखात हवा होता. फिनिश ही वेगळ्याच कुटुंबातली भाषा, पण तिने हा शब्द फार पूर्वी उसना घेतला आणि आजही राजाला ‘कुनिंगास’च म्हणते. जर्मन ‘क्योनिश’, डच ‘कोनिंग’, डॅनिश ‘काँगे’, सगळ्यांनी शेवटचा ‘आझ’ गमावला. उसनवारीवाल्याकडे मात्र तो शाबूत!

स्लाव्ह भाषांनीही तो उचलला. रशियनमध्ये ‘क्न्याझ’ म्हणजे संस्थानिक, ‘प्रिन्स’. पोलिशमध्ये ‘क्शॉन्त्स’चा अर्थ सरकत सरकत चक्क कॅथलिक पाद्री झाला, स्लाव्ह नसलेल्या, बाल्टिक कुळातल्या लिथुआनियनमधल्या ‘कुनिगास’चंही तेच. राजासाठी रशियनांनी ‘कोरोल’ घेतला, तो सम्राट शार्लमेनच्या ‘कार्ल’ या नावावरून.