सातबाऱ्यावर आभाळ नसतं: फवारणी ड्रोनच्या त्या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, एकदा तर आमच्या मामांनीच पाठवला, वर "बघ, तू उगाच पैसे घातलेस" असं लिहून. मेसेज असा की शेतीच्या ड्रोनचं लायसन्स सरकारनं काढून टाकलंय, स्वतःच्या शेतात उडवायला काहीच लागत नाही, ग्रीन झोन असला की विषय संपला, ट्रेनिंगवाले नुसते लुटतात, पासपोर्टशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही त्यामुळं शेतकऱ्याच्या ते कामाचंच नाही, आणि कुणाला हवंच असेल तर दोन हजारात ऑनलाइन मिळतं, गावात एकाकडं असलं की सगळ्यांचं भागतं. खाली नेहमीचं, जास्तीत जास्त शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा.

मी अंबड तालुक्यात दोन सीझन ड्रोननं फवारणी करतोय, सगळे कागद करून. मेसेज धडधडीत खोटा असता तर सोडून दिला असता, पण यात अर्धं खरं आहे आणि माणूस तिथंच फसतो.

लायसन्स काढून टाकलं, हे घ्या. 11 फेब्रुवारी 2022 ला ड्रोन नियमात दुरुस्ती झाली, त्यात रिमोट पायलट 'लायसन्स' हा शब्द जाऊन 'सर्टिफिकेट' आला आणि ते डीजीसीएनं (विमान वाहतूक बघणारं सरकारी खातं) मान्यता दिलेली ट्रेनिंग संस्थाच देते. पाटी बदलली, दुकान तेच. दुसरं म्हणजे 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला आणि धंद्यासाठी न वापरलेल्या 2 किलोपर्यंतच्या मायक्रोला खरंच सर्टिफिकेट लागत नाही. लग्नात फोटो काढणारा कुणीतरी हे ऐकून आला असेल आणि शेतीला चिकटवलं असेल. आता तुम्ही सांगा, 10 लिटरची टाकी घेऊन उडणारा ड्रोन 2 किलोचा असेल का? नुसतं पाणीच 10 किलो आहे राव.

आणि वजन टाकी भरून धरतात, रिकामं नाही. 2 ते 25 किलो स्मॉल, 25 ते 150 मीडियम. 10 लिटरवाले बहुतेक 25 च्या आत बसवलेले असतात, 16 लिटरवाला भरला की वर जातो, आणि सर्टिफिकेट त्या-त्या क्लासचं असतं. आमच्याकडं एकानं स्मॉलचं ट्रेनिंग घेतलं आणि ऑफर बघून मोठा ड्रोन बुक केला, आता ड्रोन शेडमध्ये आणि हप्ता चालू. घेण्याआधी हे विचारा, विकणारा स्वतःहून सांगत नाही.

स्वतःच्या शेताचा मुद्दा लोकांना लगेच पटतो, कारण बांधाच्या आत ट्रॅक्टर चालवताना आजवर कुणी लायसन्स विचारलंय? पण सातबाऱ्यावर जमीन असते, आभाळ नसतं. ड्रोन हे कायद्यानं विमान आहे, मग खाली शेत कुणाचंही असो. ग्रीन झोनचंही तसंच, सरकारच्या ड्रोन नकाशावर हिरवं असलं की 400 फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी मागावी लागत नाही, इतकंच त्याचं म्हणणं (विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूट). ती सूट जागेपुरती आहे. उडवणाऱ्याचं सर्टिफिकेट, ड्रोनचा यूआयएन म्हणजे नोंदणीचा नंबर, त्या मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट (मॉडेल तपासून पास केल्याचा कागद) आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स, हे चारही हिरव्या झोनमध्येसुद्धा लागतातच. स्वस्तात मिळतो म्हणून चोरवाटेनं आलेला बाहेरचा ड्रोन घेणाऱ्यांनी तर जास्तच बघावं, 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, असल्या ड्रोनला टाइप सर्टिफिकेट नाही म्हणजे यूआयएन नाही आणि सबसिडी पण नाही.

खरं सांगायचं तर शेतात येऊन कागद कुणी विचारत नाही. मला दोन वर्षांत एकदाही कुणी विचारले नाहीत. दंड 1 लाखापर्यंत आहे, पण त्या भीतीनं कोण थांबतंय. कागद आठवतात ते नुकसान झाल्यावर.

आमच्या शिवारात कॅनॉलच्या अलीकडं ऊस आणि मधे फक्त एक बांध, पलीकडं कापूस. उसातलं तण मारायला एकानं भाड्याचा ड्रोन आणला, पोरगं बिनट्रेनिंगचं, भर दुपारी वारं सुटलेलं असताना 2,4-डी मारलं, हे तणनाशक कापसाला सोसत नाही. आठ-दहा दिवसांत पलीकडच्या कापसाची शेंड्याची पानं भेंडीच्या पानासारखी चिरत गेली, लांबट आणि आकसलेली. ज्यानं ही पानं एकदा बघितलीत त्याला लांबूनसुद्धा कळतं काय झालंय ते. पंचवीस-तीस ओळी गेल्या. ड्रोनला इन्शुरन्स नाही, पोराकडं सर्टिफिकेट नाही, मग काय, सरपंचासमोर बसून तोडपाणी, आणि दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे. इन्शुरन्स असता तर? नियमात ड्रोनच्या थर्ड पार्टी भरपाईला मोटार वाहन कायद्याच्याच तरतुदी लावल्यात, म्हणजे गाडीसारखंच, चालवणाऱ्याकडं कागद नसेल तर कंपनी पैसे द्यायला हात वर करणारच.

ड्रोनचं औषध शेजारच्या पिकाला असं बाधतं, याचं कारण पाण्यात आहे. पाठीवरच्या पंपानं एकराला दीड-दोनशे लिटर पाणी जातं, ड्रोननं साधारण 10 लिटर, औषध तेवढंच. म्हणजे थेंब बारीक आणि कितीतरी पट कडक, त्यात वरून पंख्याचा वारा. ट्रेनिंगमध्ये नुसतं उडवायला शिकवत नाहीत, कुठल्या उंचीवर आणि कुठल्या वाऱ्यात थांबायचं हे डोक्यात घालतात. कीटकनाशक नियम 1971 मध्ये हवाई फवारणीचं वेगळं कलम आहे, 24 तास आधी लोकांना कळवायचं, माणसं-जनावरं तिथं जाऊ द्यायची नाहीत, आणि पायलटला विषबाधेची लक्षणं माहीत पाहिजेत. ड्रोन नव्हते तेव्हापासूनचं आहे हे. 2017 ला यवतमाळमध्ये कापूस फवारताना विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, त्यानंतर तरी हे कुणाला जाच वाटू नये.

आता लुटतात का? सरकारी फी 100 रुपये, बाकी सगळी संस्थेची, मी पंचेचाळीस हजार दिले, आणि जास्तच वाटले, या मुद्द्यावर मी मेसेजवाल्याच्या बाजूनं आहे. पाच दिवसांचा कोर्स, आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग मैदान. जीपीएस बंद करून वाऱ्यात आठचा आकडा काढायला लावला तेव्हा माझा ड्रोन आठ सोडून सगळे आकडे काढत होता. तिथं घाम फुटला ते बरं झालं, कारण पुढं एकदा खरंच कापसावर सिग्नल गेला.

पासपोर्टचं जुनं झालं. आधी लागायचा, पण सप्टेंबर 2023 मध्ये नियम बदलला, आता मतदान कार्ड, रेशन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, काहीही सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो. वय 18 ते 65 आणि दहावी पास, बस्स. सर्टिफिकेट 10 वर्षं चालतं. ड्रोन दीदींना (बचत गटातल्या बायकांना ड्रोन देणारी सरकारी योजना) नुसतं आधार कार्डावर ड्रोन वाटले, असंही त्याच मेसेजच्या एका व्हर्जनमध्ये होतं. त्या बायकांचं ट्रेनिंग 15 दिवसांचं आहे, 5 पायलटचे आणि 10 फवारणीचे, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त.

दोन हजारवालं ऑनलाइन सर्टिफिकेट म्हणजे रंगीत प्रिंट. मैदानावर उडवून दाखवल्याशिवाय खरं मिळत नाही, आणि खऱ्याचा नंबर डीजीसीएच्या पोर्टलवर असतो.

राहिलं गावात एकाकडं असलं की सगळ्यांचं भागतं ते. रिमोट ज्याच्या हातात त्याचं सर्टिफिकेट पाहिजे, शेजाऱ्याचं चालत नाही. पण मालकाला लागत नाही, आणि ही कामाची गोष्ट मेसेजमध्ये कुठंच नाही. दहावीची अट मला स्वतःला पटत नाही, पण तिच्यामुळं कुणाचं अडायलाच पाहिजे असंही नाही. आमचे नाना नववी पास, ड्रोन त्यांच्या नावावर आणि रिमोट माझ्या हातात. ते टाकी भरतात, बॅटऱ्या बदलतात, आणि मूठभर माती वर उडवून वारं बघतात. त्यांनी मान हलवली की मी त्या दिवशी ड्रोन पेटीतून काढत नाही.