नारळीकरांच्या नावावर खपवलेला मजकूर

विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या काकांनी परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पाठवला आणि खाली लिहिले, ‘शेवटी नारळीकर सरच खरे ठरले.’ मजकुराचे म्हणणे असे, की जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या आरंभीच ‘पूर्ण वाढलेल्या’ दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह) दिसल्या, म्हणून ज्यातून विश्व सुरू झाले असे मानतात तो महास्फोट (बिग बँग) झालाच नाही. शास्त्रज्ञ घाबरले आहेत. आणि विश्व प्रसरण पावत नसून लांबून येताना प्रकाशच ‘थकतो’, म्हणजे ऊर्जा गमावून लालसर होतो.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचे नाव असे वापरलेले सर्वांत जास्त खटकले. त्यांनी महास्फोटाला आयुष्यभर विरोध केला हे खरे. पण ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी ज्या स्थिर स्थिती सिद्धांताची बाजू लढवली, त्यात विश्व प्रसरण पावतेच, फक्त नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने ते कोणत्याही काळी सरासरी सारखेच दिसते. म्हणजे मजकुराचे शेवटचे वाक्यच नारळीकरांच्या विरुद्ध जाते. शिवाय दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश पोहोचायला वेळ लागत असल्याने त्या आपल्याला जुन्या काळातल्या दिसतात, आणि त्या सिद्धांतानुसार त्याही जवळच्यांसारख्याच असायला हव्यात. वेबने दाखवले ते नेमके उलट. विश्व सुमारे 30 कोटी वर्षांचे असतानाची जेड्स-जीएस-झेड14-0 ही दीर्घिका जेमतेम 1,600 प्रकाशवर्षे रुंद आहे. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख. हिला ‘पूर्ण वाढलेली’ म्हणायचे कसे? मे 2025 मध्ये नारळीकर गेले, त्यामुळे आता त्यांच्या नावावर काहीही खपवायला मोकळीक मिळाली आहे.

थकलेल्या प्रकाशाचे एका वाक्यात सांगता येते: नुसता प्रकाशच थकत असता, तर दूरचे अतिनवतारे (स्फोट होऊन झळाळणारे तारे, सुपरनोव्हा) मावळायला जवळच्यांपेक्षा जास्त वेळ घेताना दिसलेच नसते, आणि ते तसे दिसतात, कारण विश्वाच्या प्रसरणाने त्यांच्या प्रकाशाबरोबर तो काळही ताणला जातो. ‘घाबरलेल्या’ शास्त्रज्ञ म्हणजे कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलिसन कर्कपॅट्रिक. दीर्घिकांच्या जडणघडणीबद्दल त्या जे बोलल्या, ते महास्फोटाला चिकटवण्यात आले. वैतागून त्यांनी ‘महास्फोट झाला होता’ हे शब्द ट्विटरवरील आपल्या नावातच घातले.

अर्धसत्य मात्र मान्य करावे लागेल. आरंभीच्या तेजस्वी दीर्घिका अपेक्षेहून जास्त आहेत. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांच्या 2024 मधील अभ्यासात असे दिसले, की त्यांतील काहींचे तेज ताऱ्यांचे नसून कृष्णविवरात पडणाऱ्या तप्त वायूचे आहे. त्या वगळल्यावर महास्फोटावर आधारलेल्या प्रचलित प्रारूपाला धक्का बसत नाही, पण उरलेल्याही अपेक्षेच्या जवळपास दुप्पट भरतात. वायूचे तारे किती झपाट्याने होतात आणि अतिनवताऱ्यांचे स्फोट किती वायू बाहेर फेकतात, हे संगणकीय प्रतिरूपांत बहुतांशी आजच्या दीर्घिकांवरून बसवलेले असते. आरंभीच्या दाट वायूला ते हिशेब लागू पडत नसतील.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच निरीक्षणांतून शोधलेली ‘अलकनंदा’ घ्या. विश्व दीड अब्ज वर्षांचे असताना तिला दोन रेखीव सर्पिल भुजा होत्या आणि तिची तबकडी सुमारे 30,000 प्रकाशवर्षे रुंद होती. इतक्या लवकर वायू स्थिरावून अशी तबकडी कशी बनली, हे अजून उलगडायचे आहे. काकांना पुढे पाठवायचेच असेल, तर तिचे छायाचित्र पाठवावे.