जड प्रेसने काडतूस अचूक होत नाही

लांब पल्ल्याच्या रायफलसाठी काडतुसे स्वतः भरणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. सगळे पैसे सर्वांत जड प्रेसवर (काडतुसाचे भाग दाबून घडवणाऱ्या व बसवणाऱ्या यंत्रावर) घालावेत, वजनकाटा कोणताही चालतो, डाय (काडतुसाच्या पितळी पुंगळीला आकार देणारे, प्रेसमध्ये बसवायचे साचे) सगळ्या सारख्याच असतात, आणि मॅन्युअलमधले, म्हणजे भरणाच्या मार्गदर्शक पुस्तकातले, बंदुकीच्या दारूचे आकडे कंपन्यांनी खटल्यांच्या भीतीने कमी करून छापलेले असल्यामुळे भरण कमाल आकड्यापासूनच सुरू करावे, असे त्यात म्हटले आहे. माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारले, "मामा, कमालच्या किती वर जाऊ?" त्यानंतर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

शेवटचा मुद्दा सर्वांत घातक आहे. कमाल आकडा प्रत्यक्ष दाब मोजून ठरवलेला असतो. १९२६ साली स्थापन झालेल्या सामी या अमेरिकी मानक संस्थेने .३०८ विंचेस्टर आणि ६.५ क्रीडमूर या दोन्ही काडतुसांसाठी कमाल सरासरी दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड अशी घातली आहे. धूरविरहित दारू दाब वाढला की अधिक वेगाने जळते, त्यामुळे भरणातला शेवटचा एक ग्रेन (दारू तोलण्याचे छोटे एकक) आधीच्या ग्रेनपेक्षा दाब जास्त वाढवतो. शिवाय मॅन्युअलमधली पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि दारूचा लॉट तुमच्याकडचा नसतो. लष्करी पुंगळीचे पितळ बहुधा जाड असते, आत जागा कमी उरते, आणि तेवढ्याच दारूने दाब चढतो. गोळी नळीच्या आट्यांना टेकवून बसवली तरीही तो चढतो. अशा वेळी नळी मागून बंद करणारा बोल्ट अडकणे हा सौम्य परिणाम झाला. प्रायमर फुटून तप्त वायू चेहऱ्याकडे येऊ शकतो. म्हणूनच मॅन्युअलमध्ये सुरुवातीचे भरण वेगळे दिलेले असते, आणि फक्त कमाल आकडा दिला असेल तर त्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वर जायचे असते.

कोणताही काटा चालतो, हेही चूक आहे. ६.५ क्रीडमूरमध्ये दारू ०.१ ग्रेनने कमीजास्त झाली तर वेगात सेकंदाला साधारण ५ फुटांचा फरक पडतो, आणि १० फुटांच्या फरकाने १,००० यार्डांवर गोळी सुमारे ३ इंच वरखाली लागते. खिशात मावणाऱ्या स्वस्त काट्यांचा शून्य काम चालू असतानाच सरकतो, आणि ते लक्षात येण्यासाठी प्रमाणित तपासवजने जवळ असावी लागतात. १०० यार्डांच्या सरावाला मापाने ओतलेली दारू पुरते, एवढे मी मान्य करतो.

प्रेसबद्दलच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. ढिला, हलणारा प्रेस त्रास देतो. पण तो पुरेसा ताठ झाला की पुढे नुसत्या वजनाने काही सुधारत नाही. पुंगळीची मान (गोळी धरणारा अरुंद भाग) सरळ राहणे डायवर, मान रुंदावणाऱ्या गोळ्यावर आणि पितळावर अवलंबून असते. म्हणूनच सगळ्या डाय सारख्या म्हणता येत नाहीत: बुशिंग (मान दाबणारे कडे) बदलता येणाऱ्या डायमध्ये मानेची पकड ठरवता येते, आणि पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) इंचाच्या एक-दोन हजारांशानेच मागे सरकला की नाही हे कंपॅरेटर या मापकाने मोजता येते.

भाच्याला मी खरेदीचा क्रम लिहून दिला आहे: आधी मॅन्युअल, मग काटा आणि तपासवजने, त्यानंतर डाय व कंपॅरेटर, आणि उरलेल्या पैशांत साधा, एका वेळी एकच काम करणारा ताठ प्रेस.