नैरोबी, स्टुटगार्ट आणि इस्पितळाचे बिल

आमच्या महाविद्यालयातल्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर महिन्यातून एकदा तरी विकासावरून जुंपते आणि दर वेळी दोन ठरलेली वाक्ये येतात. एका बाजूचे लोक म्हणतात की युरोप आता संपला. तिथे गाड्या वेळेवर धावत नाहीत, डॉक्टरची वेळ मिळत नाही, कचेऱ्यांत अजून फॅक्स चालतो, आपल्याकडे मात्र भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड लावून बसते. दुसऱ्या बाजूचे लोक तुंबलेल्या रस्त्याचे छायाचित्र टाकतात आणि खाली लिहितात, ‘अगदी आफ्रिकेसारखी अवस्था झाली आहे.’ २०११ ते २०१७ अशी सहा वर्षे मी केनियातल्या नैरोबीत, चहा निर्यात करणाऱ्या एका कंपनीच्या हिशेब विभागात काढली. त्यानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीतल्या स्टुटगार्टला आले, ती अजून इथेच आहे. त्यामुळे ही वाक्ये वाचली की यांतला युरोप नेमका कोणता आणि आफ्रिका कोणती, असा प्रश्न मला पडतो.

भाजीवालीपासूनच सुरुवात करते. नैरोबीत भाजी विकणाऱ्या बाईला ‘मामा म्बोगा’ म्हणतात. २०११ मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारी मामा म्बोगा ‘सुकुमा विकी’ या रोजच्या पालेभाजीच्या जुडीचे पैसे साध्या बटणांच्या फोनवर एम-पेसाने घेत असे. एम-पेसा २००७ मध्ये सुरू झाले, आपले यूपीआय २०१६ मधले. २०११ मध्येच सुट्टीला पुण्याला गेले, तेव्हा वाण्याने सुट्टे नाहीत म्हणून माझ्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या होत्या. (‘पेसा’ हा शब्दही मूळचा आपल्या पैशाचा, समुद्र ओलांडून स्वाहिलीत गेलेला. दुकानाला ते ‘डुका’ म्हणतात आणि विम्याला ‘बिमा’. या दुसऱ्या शब्दाकडे पुढे यायचे आहे.) उलट स्टुटगार्टला आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत कालपरवापर्यंत ‘फक्त रोख’ अशी पाटी होती. पैसे देण्याघेण्याची सोय हाच विकासाचा निकष मानला, तर केनियाने भारत आणि जर्मनी या दोघांनाही केव्हाच मागे टाकले आहे. पण असे वाक्य आमच्या गटावर कोणी लिहिणार नाही, कारण तिथे आफ्रिका हे तुलनेचे नाव नसून शिवीचे आहे. प्रत्यक्षात केनियाचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर, आपले त्याहून थोडेसे जास्त आणि जर्मनीचे पन्नास हजारांच्या वर. या वर्गात आपण कोणाच्या शेजारच्या बाकावर बसलो आहोत, हे सांगायला अर्थशास्त्र शिकायला नको.

डोळ्यांना दिसणाऱ्या बांधकामांचीही तीच गत आहे. नैरोबी सोडण्याच्या थोडे आधी, २०१७ च्या मध्याला, मी मोंबासापर्यंतच्या नव्या रेल्वेने जाऊन आले. सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचा तो मार्ग चिनी कर्जातून आणि चिनी कंपनीच्या हातून तीनेक वर्षांत उभा राहिला होता. स्टुटगार्टमध्ये भूमिगत स्थानकाचे काम २०१० मध्ये सुरू झाले, ते २०१९ मध्ये उघडायचे होते. खर्च साडेचार अब्ज युरोंवरून अकरा अब्जांच्या पुढे गेला आहे आणि मी अजूनही पत्र्यांच्या कुंपणामधून वळणे घेत फलाटापर्यंत चालते. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ड्रेस्डेनमधल्या कारोला पुलाचा एक भाग पहाटे नदीत कोसळला. म्हणजे गटावरचे मित्र खोटे बोलत नाहीत. त्यांनी मोजायला घेतलेली वस्तू चुकीची आहे, एवढेच माझे म्हणणे.

मला हे ज्या घटनेमुळे उमगले, ती २०१७ च्या जानेवारीतली. आमच्या इमारतीचा रात्रपाळीचा अस्कारी, म्हणजे पहारेकरी, याची बायको बाळंत व्हायची होती. सरकारी इस्पितळांत बाळंतपण २०१३ पासून मोफत होते. पण डिसेंबरपासून सरकारी डॉक्टरांचा संप सुरू होता आणि तो पुढे शंभर दिवस चालला. त्यामुळे ऐन वेळी तिला खासगी इस्पितळात न्यावे लागले आणि तिथे शस्त्रक्रिया करून मूल काढावे लागले. बाळबाळंतीण सुखरूप राहिली. बिल मात्र अस्कारीच्या सहा-सात महिन्यांच्या पगाराएवढे झाले. पैसे भरेपर्यंत इस्पितळाने तिला घरी सोडले नाही आणि न सोडल्याचे दिवसही खाटेच्या भाड्यात धरले. अशी अडवणूक घटनाबाह्य असल्याचे केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले होते, पण दाराशी बसलेल्या रखवालदाराला तो निकाल कोण दाखवणार?

मग ‘हराम्बे’ झाले. सगळ्यांनी मिळून ओढणे असा या शब्दाचा अर्थ असून तो केनियाच्या राजमुद्रेवरही कोरलेला आहे. स्वातंत्र्यानंतर गावोगावच्या शाळा याच पद्धतीने वर्गणी काढून बांधल्या गेल्या. आता तिचा सर्वाधिक उपयोग इस्पितळाच्या आणि अंत्यविधीच्या बिलांसाठी होतो. रीतसर समिती नेमली गेली, व्हॉट्सॲप गट काढला गेला आणि मी हिशेबाच्या कामातली असल्याने खजिनदारी माझ्याकडे आली. अकरा दिवसांत चौसष्ट जणांनी पैसे पाठवले. त्यांत पन्नास शिलिंगही होते आणि पाच हजारही. आमच्या मामा म्बोगाने दोनशे दिले होते. बाराव्या दिवशी ती बाई मूल घेऊन घरी आली, तेव्हा इमारतीच्या अंगणात लोकांनी गाणी म्हटली. मीही टाळ्या वाजवल्या. त्या रात्री हिशेबाची वही मिटताना लक्षात आले की या यादीतल्या निम्म्या लोकांवर पुढच्या वर्षभरात अशीच पाळी येईल, तेव्हा याच चौसष्ट जणांकडून पुन्हा मागावे लागेल आणि तोवर कोणाच्याच गाठीला काही उरणार नाही. शहरात नोकरीला लागलेल्या तरुणाच्या पगाराला अशा गटांतून किती फाटे फुटतात, हे मी आमच्या कार्यालयात सहा वर्षे पाहत होते. तिथे या ओझ्याला ‘ब्लॅक टॅक्स’ असे नावही आहे.

स्टुटगार्टला आल्यावर दोन वर्षांनी माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, तीही तातडीने. चार दिवस इस्पितळात होते. काही आठवड्यांनी बिल आले ते पन्नास युरोंचे: खाटेचे रोजचे दहाप्रमाणे चाळीस आणि रुग्णवाहिकेचे दहा. बाकीचे विमा निधीने परस्पर भागवले. हा निधी म्हणजे फुकटचा दानधर्म नव्हे, पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडी जादा रक्कम त्यात दरमहा जाते, निम्मी माझ्याकडून, निम्मी मालकाकडून. पण हप्ता मिळकतीवर ठरतो, आजारावर नाही, आणि शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त सफाई कामगार आजींनाही तेच डॉक्टर होते, जे मला होते.

त्या चार दिवसांत मला भेटायला जवळजवळ कोणी आले नाही, हेही सांगायला हवे. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. तिसऱ्या दिवशी मराठी मंडळातल्या एक काकू मुगाची खिचडी घेऊन आल्या, तेवढेच. आजींकडे तर एक पाद्री सोडला तर कोणीच फिरकले नाही. नैरोबीत माझ्या खाटेभोवती माणसे मावली नसती. ही उणीव लहान नाही आणि ‘तिकडे माणुसकी नाही’ असे आपल्याकडे जे म्हणतात त्यात तथ्य आहे. तरीही निवडायचे झाले तर, शेजाऱ्याच्या मायेवर शस्त्रक्रिया अवलंबून असण्यापेक्षा खाटेजवळची रिकामी खुर्ची मी पत्करेन. माया आटते म्हणून नव्हे. जिथे तिची गरज सर्वाधिक असते, त्याच वस्तीत शेजाऱ्याचा खिसाही रिकामा असतो म्हणून.

आता ‘बिमा’कडे येते. जर्मनीत कामगारांसाठी सक्तीच्या आरोग्यविम्याचा कायदा १८८३ मध्ये झाला आणि तो करणारा तेव्हाचा चॅन्सलर बिस्मार्क काही गरिबांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घेणे हा त्याचा हेतू होता. त्याच बिस्मार्कच्या निवासस्थानी, पुढच्याच वर्षी, १८८४ च्या नोव्हेंबरात आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरवणारी परिषद भरली. एकाही आफ्रिकी प्रतिनिधीला तिथे बोलावणे नव्हते, आणि १८९५ मध्ये आजचा केनिया ब्रिटिशांच्या ‘संरक्षणा’खाली गेला. आपल्या कामगाराला संरक्षण आणि दुसऱ्याच्या भूमीची वाटणी, ही दोन्ही कामे एका माणसाने जेमतेम दीड वर्षाच्या अंतराने केली. आजच्या दोन देशांची तुलना करताना हे अंतर कोणी विचारात घेत नाही.

यातली आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १८८३ मधला जर्मनी आजच्या जर्मनीच्या मानाने गरीब होता. ‘आधी देश श्रीमंत होऊ द्या, मग सगळ्यांसाठी दवाखाने’ हा क्रम, जो आपल्या वृत्तपत्रांतून निसर्गनियमासारखा सांगितला जातो, तो खुद्द जर्मनीने पाळला नव्हता. मात्र जर्मनीकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे हजेरीपटावर नाव असलेला कारखान्यातला कामगार, ज्याच्या पगारातून हप्ता कापता येत असे. केनियात काम करणाऱ्या दर पाच जणांतले चार ‘जुआ काली’त आहेत. या शब्दांचा अर्थ कडक ऊन. उन्हात बसून पत्रा ठोकणारे, गाड्या दुरुस्त करणारे, भाजी विकणारे हे लोक. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नवा सामाजिक आरोग्यविमा आला असून नोकरदारांच्या पगारातून २.७५ टक्के कापले जातात. पण माझ्या अस्कारीचा हप्ता कापता येतो, मामा म्बोगाचा कशातून कापणार, या प्रश्नावर ती योजना अडखळते आहे. आपल्याकडच्या नाका कामगारांचा आणि ऊसतोड टोळ्यांचा प्रश्नही हाच आहे.

पैशाची किंमतही दोघांना सारखी नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत केनियाने डॉलरचे रोखे विकले, त्यांवर ९.७५ टक्के व्याज द्यावे लागले. जर्मनीने पुढच्या वर्षी राज्यघटना दुरुस्त करून पायाभूत कामांसाठी ५०० अब्ज युरो कर्जाऊ उभे करायचे ठरवले, तेव्हा त्याला साधारण तीन टक्क्यांच्या आतबाहेर पैसा मिळत होता. केनियाने ते व्याज फेडण्यासाठी कर वाढवायला घेतले, तर जून २०२४ मध्ये तरुण रस्त्यावर उतरले, संसदेत घुसले, पोलिसांच्या गोळ्यांनी अनेकांचे प्राण गेले आणि राष्ट्राध्यक्ष रुटो यांना ते विधेयक मागे घ्यावे लागले. आमच्या गटावर तेव्हा कोणीतरी ‘आफ्रिकेत हे चालायचेच’ असे लिहिले. आमच्या करांचे काय केलेत, असे राज्यकर्त्यांना तोंडावर विचारणारी पिढी मागासलेली कशी, हे मी विचारले. त्यावर एक अंगठा आला.

आणि एक आकडा, जो मी तिथे टाकला तेव्हा तोही आला नाही. भारतात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी ३९ टक्के रक्कम, सरकारच्याच २०२१-२२ च्या हिशेबानुसार, लोक स्वतःच्या खिशातून देतात. जर्मनीत हा वाटा साधारण आठवा हिस्सा आहे. केनियात तो पाव हिस्सा आहे, म्हणजे आपल्यापेक्षा कमी. तिथे परदेशी मदतीचा मोठा टेकू होता आणि अमेरिकेने २०२५ मध्ये तो काढायला घेतल्यावर हे चित्र बिघडेल, हे खरे. पण तोपर्यंत तरी ‘आफ्रिकेसारखी अवस्था’ व्हायची असेल तर आपल्याला थोडे सुधारावे लागेल. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिची मर्यादाही पाच लाखांपर्यंत वाढवली आहे. पण निवडणुकीच्या काळात आमच्या गटावर महामार्ग आणि मेट्रो यांवर जेवढे लिहिले जाते, त्याच्या शतांशही या योजनेच्या यादीत आपल्या तालुक्यातली किती इस्पितळे आहेत यावर लिहिले जात नाही.

मागच्या महिन्यात त्याच गटावर, युरोप संपला की नाही याचा निकाल लागायच्या आत, एक निरोप आला. आमच्या एका वर्गमित्राच्या मूत्रपिंडावर पुण्यात शस्त्रक्रिया करायची होती, विम्याची मर्यादा संपली होती आणि इस्पितळाने आगाऊ रक्कम भरायला दोन दिवसांची मुदत दिली होती. निरोपाखाली त्याच्या बायकोचा क्यूआर कोड होता. भांडणाऱ्या दोन्ही बाजू क्षणात थांबल्या आणि जो तो पैसे पाठवू लागला. माझे परदेशी खाते त्या कोडवरून पैसे पाठवू देईना, म्हणून मी बहिणीला पाठवायला सांगितले. कोणीतरी विचारले, हिशेब कोण ठेवणार? सगळ्यांनी माझे नाव घेतले.