मतं मागितलेला न्यायमूर्ती

परवा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या टपरीवर चहा घेताना एक ज्युनिअर वकील तावातावाने म्हणाला, "ताई, ज्यानं एकदा मतं मागितली, त्यानं न्यायाच्या खुर्चीवर बसूच नये."

मला सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आठवले. १९५२ मध्ये मद्रास विधानसभेत आमदार, १९५७ मध्ये थलश्शेरीतून केरळ विधानसभेत. केरळच्या नंबूदिरीपाद सरकारात कायदा, गृह, तुरुंग ही खाती सांभाळली. १९४८ मध्ये स्वतः महिनाभर तुरुंगात काढलेला. १९६८ ला केरळ हायकोर्टात न्यायमूर्ती झाले, १९७३ ला सुप्रीम कोर्टात. तेव्हाही मुंबईतल्या वकिलांनी विरोध केलाच होता. त्यातल्या सोली सोराबजींनी तर पुढे आपली चूक जाहीरपणे मान्य केली.

असा माणूस नेमणाऱ्याकडे झुकेल, ही ज्युनिअरची भीती खोटी नाही. म्हणून २४ जून १९७५ बघावा. नेमणूक इंदिरा गांधींच्या सरकारची आणि समोर अर्ज त्यांचाच, अलाहाबाद हायकोर्टाने त्यांची निवडणूक रद्द केली त्या निकालाला स्थगिती मागणारा, बाजू मांडायला नानी पालखीवाला. तरी अय्यरांनी पूर्ण स्थगिती नाकारली: सभागृहात बसा, पण मतदान नाही, खासदारकीचा पगार नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली.

पण माझ्या मनात घर करून बसलाय तो १९७८ चा मोतीराम. मध्य प्रदेशातला गवंडी. जामीन मंजूर, पण खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि सख्ख्या भावाला नाकारलं, का तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! अय्यरांनी हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडलं आणि विचारलं, की भारतातला माणूस भारतातच परका कसा?

मी हे दर महिन्याला बघते. गेल्या वर्षी सुरगाण्याचे एक बाबा प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. पोराला जामीन मिळून बावीस दिवस झालेले, पोरगं नाशिकरोडच्या तुरुंगातच. जामीनदार तयार होता, पण त्याच्या नावावर सातबारा नाही. कसतो ती वनजमीन, दावा प्रलंबित. ऐपतीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालून बाबांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, सुतळीने बांधलेला. मी अर्जाला मोतीरामचा निकाल जोडला. पोरगा जातमुचलक्यावर सुटला.

असा निकाल लिहायला कायदा लागतोच. पण सातबारा नसलेल्या माणसाच्या ओट्यावर कधीतरी बसलेलंही असावं लागतं, आणि निवडणूक लढवणारा तिथे बसलेला असतो. राजकारण मागे ठेवून आलेल्या अशा माणसाला मी नको म्हणणार नाही.

ज्युनिअरला उद्या त्या निकालाची प्रत देतेय.