साहेबांच्या गाडीला रविवार नसतो

कंपनीने गाडी दिली म्हणून लगेच पेढे वाटू नका. संभाजीनगरचं वाळूज घ्या, शेंद्रा घ्या, नाहीतर जालना. एमआयडीसीत सगळ्यात दुःखी माणूस तोच, ज्याला कंपनीची गाडी आहे. कारण तिच्यावर कर लागतो.

केवढा? १९६२च्या आयकर नियमावलीतल्या नियम ३ने मार्च २०२६पर्यंत भाव बांधून दिला होता. गाडी कंपनीची, डिझेल कंपनीचं, वापर थोडा कामाचा आणि थोडा घरचा असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये, त्याहून मोठ्याला २,४००. ड्रायव्हरचे ९००. ही रक्कम पगारात मिळवायची आणि तिच्यावर कर भरायचा. गाडी चाळीस लाखांची असली तरी आकडा तोच. मोठ्या इंजिनाला ड्रायव्हर धरून वर्षाचे ३९,६००. तीस टक्क्यांनी कर ११,८८०, वर सेस. महिन्याला हजार रुपये! तेवढ्यात गेटवरच्या कंत्राटी पोराच्या मोटारसायकलीत नऊ-दहा लिटर पेट्रोल पडतं, तेही तो स्वतःच्या खिशातून टाकतो. पण त्याला सवय आहे, तुम्हाला नाही.

तेव्हा हा कर वाचवायला शिका. गाडी निव्वळ कामासाठी वापरली, तर कर शून्य. अट एवढीच की कंपनीने तारीख, ठिकाण, किलोमीटर, खर्च यांची नोंद ठेवावी आणि तसा दाखला द्यावा. म्हणजे सगळी मदार लॉगबुकावर.

डिसेंबरात पैठणकडे मित्राच्या शेतात हुरडा आहे? ‘पैठण, कच्च्या मालाची पाहणी.’ यात खोटं काय? कणसं कच्चीच होती, आरावर भाजली ती नंतर. लातूरला मेव्हण्याचं लग्न: ‘वेंडर मीटिंग, जेवणासह.’ नवरात्रात तुळजापूर: ‘वरिष्ठांची भेट.’ भवानीआईहून वरिष्ठ कोण आहे, हे विचारायची अकाउंट्समध्ये कुणाची छाती नाही.

घर ते हापिस हा प्रवास तर कायदा मुळातच करपात्र सुविधेत धरत नाही. घर गारखेड्यात आणि हापिस वाळूजला असलं तरी वाटेत बीड लागतं, असं ठामपणे सांगा.

मात्र उत्साहाच्या भरात कारखान्यात जाणंच बंद करू नका. गाडी निव्वळ खासगी ठरली, तर सगळा चालू खर्च, ड्रायव्हरचा पगार आणि वर गाडीच्या किमतीच्या दहा टक्के झीज, म्हणजे चाळीस लाखांवर वर्षाला चार लाख, तुमच्या उत्पन्नात येऊन बसतील. त्यामुळे अधूनमधून तोंड दाखवून यावं. वहिनींसाठी दुसरी गाडी मागायचा मोहही आवरा. ही मेहेरबानी एकाच गाडीला आहे, दुसरी सरळ खासगीत जमा होते. वहिनींनाच ‘पाहणी’ला सोबत न्या.

ड्रायव्हरलाही विश्वासात घ्या. रविवारी त्याच्या लेकराचा वाढदिवस असेल, पण जुन्या नियमाच्या हिशेबात तो अख्खा महिनाभर ९०० रुपयांचा होता, हे त्याला प्रेमाने समजावून सांगा.

आणि एक राहिलंच. लॉगबुकात ‘जालना, स्टील’ लिहून तुळजापूरला निघण्याआधी फास्टॅग कुणाच्या मोबाइलला जोडलाय ते बघून घ्या. टोल कापल्याचा मेसेज नाक्याच्या नावासकट येतो, आणि अकाउंट्सवाला रविवारी घरीच असतो.